बासवाल्यानं सोलो घ्यायचा, तर खाली कोण थांबणार?

या वेळचं पत्र साखळीहून आलंय. लांबलचक होतं, थोडं कापून देतो.

"काका, नमस्कार. मी २४ वर्षांचा. कुंडईला एका कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला आहे. शाळेच्या बँडमध्ये मी सगळ्यांत दांडगा, म्हणून सरांनी ट्युबा (पितळेचा तो मोठा, खालच्या सुरांचा भोंगा) माझ्या खांद्यावर दिला, तो आजतागायत उतरलेला नाही. माझा आताचा ट्युबा मेरठचा, बी फ्लॅट, तीन व्हॉल्व्हचा (बोटानं दाबायच्या खुंट्या). सहा वर्षं बार्देशातल्या एका बँडबरोबर फेस्तं, लग्नं, मिरवणुका वाजवतो. बँडमधले चौघं (ट्रंपेट, सॅक्स, गिटार, ड्रम) रविवारी पणजीला एका कॅफेत जॅझ वाजवतात. डबल बासवाला (ते उभं, मोठं तारांचं वाद्य वाजवणारा) मिळेना म्हणून त्यांनी मला घेतलं. बास बरा जमतो. पण परवा एका ब्लूजमध्ये (बारा बारांची फिरून येणारी चाल, एक बार म्हणजे चार ठोके) ट्रंपेटवाल्यानं मानेनं खूण केली, सोलो घे म्हणून. मी घेतला. तिसऱ्या बारला दम संपला, पाचव्या बारला मी कुठं आहे तेच कळेना, आणि आवाज चोर्ल्याच्या घाटात चढणाऱ्या ट्रकासारखा. लोक हसले. ऐकायला आलेले आमचे मेस्त (बँडचे मास्तर) निघताना एवढंच म्हणाले, 'बासान बास जावनच रावचें.' बासानं बास होऊनच राहावं. घरी सराव करतो तर आई (ती महिला भजनी मंडळात गाते) म्हणते, 'म्हस रेंकता मरे!' (म्हैस रेकते रे!) मला खरंच सोलो वाजवायचाय. ट्युबावर जॅझचा सोलो होतो का? की ट्युबा ठेवून ट्रंपेट धरू? उशीर झालाय का?"

खाली सही: बासवाला, साखळी.

प्रिय बासवाल्या,

लोक हसले त्याचं मनावर घेऊ नको, असं मी म्हणणार नाही. लागतंच ते. माझ्यावरही हसलेत, आणि चांगल्या कपड्यांतले लोक हसलेत. तरुणपणी मी एका हॉटेलच्या बँडात होतो. ट्युबा हा शब्द आम्ही वापरतच नव्हतो, 'बास' म्हटलं की तोच. एका संध्याकाळी व्हॉल्व्हचं तेल संपलेलं, म्हणून निघताना आईच्या बाटलीतलं खोबरेल घातलं. अंगणात काय छान चालले व्हॉल्व्ह! हॉटेलच्या हॉलमध्ये एसी असा, की बायका पदर लपेटून बसलेल्या. खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजायला लागतं, हे डिसेंबरात बाटली उन्हात ठेवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. मलाही होतं, पण ते बाटलीपुरतं. दुसऱ्या गाण्यात दुसरा व्हॉल्व्ह खाली गेला तो वर येईना. दुसरा व्हॉल्व्ह सूर अर्ध्या पट्टीनं उतरवतो, म्हणजे पुढची वीस मिनिटं तो व्हॉल्व्ह न लागणारा प्रत्येक सूर अर्धी पट्टी खाली. नाचणारी जोडपी थांबून बघायला लागली. तो दुसरा व्हॉल्व्ह लक्षात ठेव, पुढं परत येणार आहे.

आता तुझा पहिला प्रश्न. होतो. ट्युबावर जॅझचा सोलो होतो, आणि ही काही काल-परवाची टूम नाही.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्समध्ये जॅझ रस्त्यावर चालत होतं तेव्हा खालचा सूर धरायला ट्युबा नाहीतर सूझाफोनच (अंगाभोवती अडकवून चालायचा ट्युबा) असायचा. उघडंच आहे, डबल बास गळ्यात अडकवून मिरवणुकीत चालता येत नाही. १९२०च्या दशकातल्या कितीतरी बँडांत, ड्यूक एलिंग्टनच्या सुरुवातीच्या बँडातसुद्धा, बास ट्युबावर वाजायचा. मग तो गेला कुठं? दोन गोष्टी झाल्या. १९२५ पासून विजेच्या मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग होऊ लागलं आणि डबल बासचा मवाळ आवाज तबकडीवर पकडता यायला लागला. आणि संगीत दोन ठोक्यांवरून चार ठोक्यांवर आलं. पहिला आणि तिसरा ठोका वाजवायचा असतो तेव्हा ट्युबावाल्याला मधे श्वास घ्यायला फट मिळते. चारही ठोके चालायचे तर फट कुठून आणायची? तारेला श्वास लागत नाही. आपण सुरात हरलो नाही रे, श्वासाच्या हिशेबात हरलो. तुझ्या त्या तिसऱ्या बारलाही तेच झालं.

पण ट्युबा परत आला. १९४९-५० मध्ये ट्रंपेटवाल्या माइल्स डेव्हिसनं नऊ जणांचा ताफा घेऊन जे रेकॉर्डिंग केलं, त्यात बिल बार्बरचा ट्युबा आहे, आणि तो तिथं उंपापा करत बसलेला नाही. बासाला वेगळा माणूस होता, म्हणून बार्बर वरच्या वाद्यांबरोबर चालीतून चालतो. १९५७ मध्ये रे ड्रेपर नावाच्या १७ वर्षांच्या ट्युबावाल्या पोरानं सॅक्सवाल्या जॉन कोल्ट्रेनला शेजारी उभं करून स्वतःच्या नावावर तबकडी काढली. मला विचारशील तर कोल्ट्रेनच्या शेजारी तो जडच वाटतो, जिना चढताना पिशव्या हातात असल्यासारखा. तरी ऐक, कारण तू ज्या ठिकाणी अडलास तिथंच तोही अडताना ऐकू येतो, आणि पुढं जातो. मग हॉवर्ड जॉन्सन ऐक. तो ट्युबा आपला आपण शिकला, आणि वरच्या सप्तकात असा गायचा की डोळे मिटले तर वाद्य ओळखू येऊ नये. पुढं त्यानं ग्रॅव्हिटी नावाचा ट्युबावाल्यांचाच जथा उभा केला. सॅक्सवाल्या आर्थर ब्लाइदच्या बँडात बॉब स्ट्युअर्ट, न्यू ऑर्लिन्सच्या डर्टी डझन ब्रास बँडात सूझाफोनवर कर्क जोसेफ. आणि आजचा माणूस हवा तर लंडनचा थिऑन क्रॉस. तो ज्यात वाजवायचा त्या सन्स ऑफ केमेट बँडात (२०२२ मध्ये तो थांबला) एक सॅक्स, एक ट्युबा आणि दोन ड्रमवाले होते, बस्स. गिटार नाही, पियानो नाही. ट्युबा तिथं बासही होता आणि सोलोही, आणि तबकडी ऐकताना एकातून दुसऱ्यात कधी गेला ते कळत नाही. तुझं उत्तर खरं तर तिथं आहे, पण आधी मेस्तांकडे जाऊ.

मेस्तांवर तू रागावलायस, पत्रात ते दिसतं. पण त्यांचं बोलणं अडाणी समजू नकोस. तू सोलो घ्यायला वर गेलास तेव्हा खाली कोण होतं? कुणीच नव्हतं. गिटार वरच्या तारांवर चकचक करत होती, ड्रमवाला नेहमीच्याच जोरात होता, आणि घराची जमीन काढून घेतल्यावर भिंतींचं जे होतं ते त्या ब्लूजचं झालं. पाचव्या बारला तू हरवलास, आणि माझी खात्री आहे, बाकीचे चौघंही हरवले असणार. ते कबूल करणार नाहीत. ट्रंपेटवाला सोलो घेतो तेव्हा त्याच्या पायाखाली तू असतोस. तुझ्या पायाखाली कोण, याचा विचार त्या मानेच्या खुणेत नव्हता. मेस्तांनी आयुष्यभर फेस्तांच्या पहाटे आल्वोराद वाजवत गाव उठवलंय. बास थांबला की चालणाऱ्यांची पावलं चुकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा पहिलं काम वाद्याशी नाहीच, माणसांशी आहे. सॅक्सवाल्याला सांग, माझ्या सोलोत तू माझा बास वाजव. फक्त मूळ सूर, पहिला आणि तिसरा ठोका. टेनर (खालच्या आवाजाचा सॅक्स) असेल तर उत्तम, ऑल्टो (त्याच्याहून वरचा) असला तरी चालेल, लोकांच्या कानाला जमीन कळल्याशी कारण. नाहीतर सगळ्यांनी प्रत्येक बारच्या पहिल्या ठोक्यावर एक 'ठाप' मारायची आणि गप्प राहायचं. त्या मोकळ्या जागेत ट्युबा फार छान उठून दिसतो. ड्रमवाल्याला काठ्यांऐवजी ब्रश घ्यायला सांग. आणि माझी एक फार जुनी हौस तुझ्यावर ढकलतो: घुमट, आपलं मातीचं तालवाद्य. साखळीत घुमट आरतीवाले काय कमी आहेत? मातीच्या त्या भांड्याच्या उघड्या तोंडावर डावा हात उघडझाप करून खालचा सूर कसा बोलका करतात, ते तू लहानपणापासून ऐकलंयस. २०१९ मध्ये सरकारनं त्याला राज्याचं वारसा वाद्य केलं. मान मिळाला हे चांगलंच, पण ट्युबाच्या सोलोखाली घुमट ठेवून कुणी जॅझ वाजवल्याचं माझ्या तरी कानावर नाही. असो, हे विषयांतर झालं.

आता तिसऱ्या बारचा दम. तू सोलो वाजवलास तो ट्युबाचा नव्हता, ट्रंपेटचा होता. तुझा दोष नाही त्यात. गोव्यात सोलो म्हटला की कानात ट्रंपेट नाहीतर सॅक्सच येतो. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रंपेट घेऊन मुंबईच्या ताजमध्ये उभा राहिला, नेवऱ्याच्या ब्राझ गोन्साल्विसनी सॅक्सवर जॅझमध्ये राग मिसळले, आमच्या पिढीनं तेच ऐकून माना डोलावल्या. तुझ्याही डोक्यात तीच चाल होती, आणि ती तू १८ फुटी नळीतून ढकलायला गेलास. बी फ्लॅट ट्युबा सरळ केला तर साधारण तेवढी नळी निघते, साडेपाच मीटर. ट्रंपेटची साडेचार फूट. ट्रंपेटची हवा म्हणजे नळीच्या तोंडावर बोट दाबून मारलेलं पाणी, थोडं आणि जोरात. ट्युबाची हवा म्हणजे कुळागरात, सुपारीच्या बागेत, सोडलेला पाट. पाटाला जोर लागत नाही, पाणी लागतं.

हिशेब मांडू. मिनिटाला १२० ठोके धर. १२ बारांचा ब्लूज म्हणजे ४८ ठोके, म्हणजे २४ सेकंद. ट्रंपेटवाला त्यात दोन-तीनदा श्वास घेऊन मोकळा होतो. तुला दर दोन बारांनी, म्हणजे चार सेकंदांनी, श्वास हवाच, खालच्या सुरांत तर त्याहूनही लवकर. मग सोलोची सुरुवात सुरांपासून कशाला करायची? श्वासांपासून कर. कागदावर १२ चौकोन काढ, चार-चारच्या तीन ओळी. लाल पेन्सिल घे आणि आधी फक्त श्वास कुठं घेणार तिथं रेघ मार. एकही सूर लिहू नकोस. आठवडाभर ट्युबा हातात न घेता, रेकॉर्डिंगच्या तालावर, त्या रेघांवर श्वास घेत बस. श्वास घेताना घसा जांभईत उघडतो तसा उघडायचा, खांदे वर जाता कामा नयेत. बसून कर हे, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांब. जास्त हवा आत-बाहेर केली की डोकं हलकं होतं, त्यात मर्दुमकी काही नाही.

गंमत अशी की ब्लूजनं तुझ्यासाठी जागा आधीच ठेवलीय. ब्लूज गाणारा चार बारांच्या ओळीत साधारण दोन बार गातो आणि दोन बार गप्प बसतो, तेवढ्यात गिटार किंवा हार्मोनिका त्याला उत्तर देते. अशा तीन ओळी. तुझी आई भजनात काय करते? बुवा किंवा मुख्य गाणारी बाई ओळ टाकते, मागच्या झेल धरतात, आणि त्या झेलाच्या आडोशानं पुढची श्वास भरून घेते. ऐकणाऱ्याला तो श्वास कधी ऐकू येतो का? नाही, कारण झेल चाललेला असतो. तुझा झेल सॅक्सवाल्याला धरू दे. दोन बार तू, दोन बार तो. पहिले सहा महिने याच्या पुढं जाऊच नकोस. लोकांना वाटेल तू मुद्दाम संवाद करतोयस. वाटू दे.

सुरांचं तुला हवं तेवढंच सांगतो, कारण थिअरीच्या पुस्तकांत तू बुडशील आणि वर येणार नाहीस. घरात गाणं आहे म्हणून सरगमच्या भाषेत सांगतो, चटकन कळेल. बी फ्लॅटला सा मान. ब्लूजच्या पहिल्या कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडीला), बी फ्लॅट सेव्हनला, चव देणारे सूर दोनच: शुद्ध गंधार आणि कोमल निषाद. पाचव्या बारला कॉर्ड मध्यमावर जाते, ई फ्लॅट सेव्हन. तिथले चवीचे सूर दोन: कोमल गंधार आणि शुद्ध धैवत. म्हणजे काय झालं? गंधार अर्ध्या पट्टीनं उतरला, निषादही अर्ध्या पट्टीनं उतरला. बस्स, एवढंच. आता बोटांकडे बघ. मधल्या सप्तकात डी तुझा मोकळा निघतो, डी फ्लॅट दुसऱ्या व्हॉल्व्हवर. ए फ्लॅट पहिल्या व्हॉल्व्हवर, जी पहिल्या-दुसऱ्यावर. दिसलं? पहिल्या कॉर्डवरून मध्यमाच्या कॉर्डवर जायला दोन्ही सुरांत फक्त दुसरा व्हॉल्व्ह दाबायचाय. माझा अडकलेला दुसरा व्हॉल्व्ह मला त्या रात्री हेच ओरडून सांगत होता आणि मी घामाघूम होऊन तो उपटत बसलो होतो.

नवव्या बारला पंचमाची कॉर्ड येते, एफ सेव्हन. तिथं शुद्ध निषाद आणि मध्यम: ए दुसऱ्या व्हॉल्व्हवर, ई फ्लॅट पहिल्यावर. झाले सगळे. महिनाभर या सहा सुरांपलीकडे एकही वाजवू नकोस. एका बारला एक सूर, मग दोन. पाचव्या बारला तू हरवलास ना? आता हरवणारच नाहीस, कारण पाचवा बार तुझ्या मधल्या बोटाला कळेल, डोक्याला कळायच्या आधी.

आणि वाजवायचं ते मधल्या सप्तकात. तुझा ट्रक झाला तो तू तळघरात धावायला गेलास म्हणून. खालचा सूर बोलायला वेळ घेतो. जीभ लावली आणि सूर लागला यात मधे जी फट पडते, ती लग्नाच्या संथ चालीत कळत नाही, पण अर्ध्या-अर्ध्या ठोक्यांच्या जलद सुरावटीत सगळा चिखल होतो. शिवाय व्हॉल्व्ह मोकळे ठेवून निघणारे तुझे सूर बघ: बी फ्लॅट, एफ, बी फ्लॅट, डी, एफ. तळाशी दोन सुरांत मोठी दरी, वर जावं तशी ती अरुंद होते. वर बोटं कमी हलतात आणि चाल सलग होते. तळाला आणखी एक कटकट आहे. पहिला आणि तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबलास की सूर चढा लागतो, तिन्ही दाबलेस तर आणखी चढा. ज्यांच्या ट्युबाला चौथा व्हॉल्व्ह आहे ते त्यावरून काम भागवतात. तुझ्याकडे तीन, म्हणून खालचा सी आणि बी तुला डाव्या हातानं स्लाइड ओढून नाहीतर ओठ सैल सोडून खाली आणावा लागतो. सोलोच्या धांदलीत हे कोण करत बसणार? मधल्या एफच्या वर ही भानगडच येत नाही. खालचे सूर टाकून दे असं नाही म्हणत. ओळ संपताना एकदा खोल खाली उतर, लांब धर, आणि बघ टेबलावरचे ग्लास कसे माना वर करतात.

जिभेचं थोडक्यात. मार्च वाजवून वाजवून तुझी जीभ 'तू-तू-तू' झालीय. जॅझला 'दू-दा, दू-दा' म्हण, आणि उलट ठोक्यावरचा 'दा' जरा टेकवून. तोंडानं म्हणता आलं तरच वाद्यात येईल. शिकागो सिम्फनीत १९४४ पासून १९८८ पर्यंत ट्युबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स जगभरच्या फुंकणाऱ्यांना दोनच गोष्टी सांगायचे, गाणं आणि वारा. स्नायूंचा विचार सोड, डोक्यात गाणं ठेव आणि वारा सोड. एवढी मोठी शिकवणी तुला इथं फुकट देतोय.

आणखी एक खबरदारी. मोबाइलवर रेकॉर्ड करून मोबाइलच्याच स्पीकरवर ऐकू नकोस. तुझ्या खालच्या बी फ्लॅटची कंपनं सेकंदाला ५८ च्या आसपास. तेवढं खालचं मोबाइलच्या इवल्या स्पीकरला काढताच येत नाही, वरचे अंश तेवढे ऐकू येतात आणि तुला वाटतं आपला आवाज पत्र्याचा आहे. कानाला चांगला हेडफोन लाव, मग निकाल दे. कॅफेतही तुझा भोंगा छताकडे बघतो, समोरच्या टेबलावर पोचतो तो छतावरून आदळून आलेला सूर. सोलोच्या वेळी माइक भोंग्याच्या वर, थोडा बाजूला लाव, आणि आवाज वाढवणाऱ्याला सांग की बास नको वाढवू, मधलं वाढव.

आता ट्रंपेटचं. धरू नको. ट्रंपेटचं माउथपीस तुझ्या ओठांना चमचाभर वाटेल, सगळी घडण नव्यानं करावी लागेल. आणि खरं कारण ते नाहीच. गोव्यात ट्रंपेटवाल्यांची रांग म्हापशापासून मडगावपर्यंत लागेल. ट्युबावर दोन बार सरळ बोलणारा माणूस शोधायला त्या चौघांना तुझ्याच दारात यावं लागलं. कुणी तुला सांगेल की मधला मार्ग म्हणून युफोनियम घे, बोटं तीच, सूर एक सप्तक वर. चूक नाही ते. एखाद्याचं महिनाभर मागून आण, त्यावर सोलो गुणगुणून बघ आणि परत कर. मी स्वतः असं केलं होतं आणि परत करायला दोन वर्षं लावली. त्या दोन वर्षांत माझा बास कपाटावर धूळ खात होता आणि युफोनियमवर मी ठीकठाकच होतो.

उशिराचं विचारतोस. २४ला उशीर? कारखान्याच्या शिफ्टमधून रोज पाऊण तास मिळाला तरी पुष्कळ. त्यातली पंधरा मिनिटं वाद्याशिवाय, फक्त श्वास आणि 'दू-दा'. तेवढं कारखान्याच्या बसमध्येही होतं, शेजारच्याला सांगून ठेव म्हणजे तो दवाखान्याची वाट धरायला लावणार नाही. पावसाळ्यात वाद्य वाजवून झालं की नळ्यांतलं पाणी काढून, कोरडं करून ठेव, नाहीतर स्लाइड हिरव्या पडून अडकतात. आणि तेल व्हॉल्व्हचंच.

मेस्तांकडे एकदा जा, पण पूर्ण सोलो मागू नकोस. चार बार माग. म्हणावं, शेवटच्या आधीच्या फेरीत चार बार मला द्या, सॅक्सवाला तोवर माझी जागा धरेल, पाचव्या बारला मी बासावर परत हजर. जागा कोण धरणार हे आधी सांगितलंस तर ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. म्हटलंच, तर चतुर्थीनंतर परत विचार.

राहिली आई. तुझ्या पत्रात मला सगळ्यांत कामाचं तेच वाक्य वाटलं. म्हस रेंकते कधी? सगळी हवा एका दमात आणि तळातून, थांबायचं कुठं ते ठरवल्याशिवाय. तिनं निदान बरोबर केलंय. म्हणून खोलीचं दार लावून सराव करू नकोस. मंडळात ती जो अभंग सगळ्यांत जास्त गाते, तो तिला विलंबित म्हणायला सांग, आणि मधल्या सप्तकात, हळू आवाजात, तिच्या मागून ट्युबावर वाजव. जॅझ नाही, काही नाही, नुसती चाल. ती दुसऱ्याच ओळीला हात वर करून म्हणेल, 'हांगा रावूंक जाय.' इथं थांबायला हवं. तुझी लाल पेन्सिल जवळ ठेव, आणि ती जिथं जिथं हात वर करेल तिथं रेघ मार.